पिवळी कुणाचं ऐकते

"तुमची भाची परदेशात शिकते तरी काय नेमकं?" बाहीचं माप देता देता बायका मला विचारतात. तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या असतात ते बरं. त्या काढेपर्यंत काय सांगायचं ते ठरवायला जरा वेळ मिळतो.

"शेळ्यांचं वागणं," मी म्हणते.

"म्हणजे जनावरांची डॉक्टर होणार?"

"नाही."

"मग शेळ्या पाळणार?"

"नाही हो."

"मग?"

आता मग काय, कपाळ! मला तरी कुठे धड कळलंय? मी टेप गळ्यात टाकते आणि म्हणते, ताठ उभ्या राहा, नाहीतर पाठीत झोळ येईल.

खरं सांगायचं तर ही पोर मला पहिल्यापासून अर्धीच कळली. दादाची एकुलती एक मुलगी. दादा आणि वहिनी दोघंही नोकरीवाले, त्यामुळे ती दिवसभर माझ्या शिवणाच्या खोलीत, कापायच्या टेबलाखाली असायची. गालात कायम काहीतरी कोंबलेलं, म्हणून खारू. खारीवरून. तिचं शाळेतलं नाव घरात कुणी घेतच नाही. बाकीची पोरं हट्ट करतात, लोळण घेतात, निदान काय हवंय ते तरी समजतं. ही मुंग्यांच्या रांगेपुढे मांडी घालून बसायची आणि हाक मारली तरी ढिम्म. एकदा चिंध्यांच्या पोत्यात मांजर व्यालं, तर बाईसाहेबांनी शाळाच बुडवली. संध्याकाळी मला सांगते कशी, "आत्या, तिसरं पिल्लू मुद्दाम रडतं. आई बघत नसली की गप्प असतं."

"तुझ्यावर गेलंय," मी म्हटलं. तर रुसली. का रुसली, ते आजतागायत माहीत नाही.

पुढे कॉलेज झालं, आणि प्राण्यांच्या वागण्यात पीएच.डी. करायला परदेशात जागा मिळाली म्हणून एक दिवस नाचत आली. दादा म्हणाला, "अगं, इथं माणसांचं वागणं कळायची मारामार!" वहिनीनं तर जेवण सोडलं. मी एकटी पोरीच्या बाजूनं भांडले. मला काही समजलं होतं म्हणून नाही, तिचा चेहरा बघून भांडले. मी म्हटलं, मला कुणी शिकवलं असतं तर मीसुद्धा गेले असते. त्यावर वहिनी म्हणाली, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." वहिनीच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो. पण पोर गेली.

आता एक आमच्या घराण्याची खोड सांगायला हवी. आमची आई करायची, मी करते आणि खारूनं ती माझ्याकडून उचलली. कुणी काहीही वाईट सांगितलं की आमची जीभ टाळूला लागते आणि 'च्च' होतं. दूध उतू गेलं, च्च. शेजारी कुणी गेलं, च्च. दोऱ्याचं रीळ घरंगळलं तरी तेच. आपण करतो हे करणाऱ्याला कळत पण नाही. वहिनी म्हणते, तुमच्या घरात माणूस नंतर बोलतं, जीभ आधी बोलते. पण मला विचाराल तर त्यात एक सोय आहे. खारू तिकडे गेल्यावर मी फोनवर तिला माझी सगळी रडगाणी सांगायचे, गिऱ्हाइकांची, गुडघ्यांची, वहिनीची. ती उपदेश करायची नाही. नुसतं पलीकडून च्च यायचं, आणि मी हलकी होऊन मशीनवर बसायचे.

तर तिकडचं काम. तिनं मला ते फोनवर इतक्या वेळा सांगितलं की शेवटी थोडं डोक्यात शिरलं. शेळीसमोर दोन टोपली पालथी ठेवायची. एकाखाली खाऊ, दुसरं रिकामं. कुठे ठेवलं ते शेळीनं बघायचं. मग तिला बाहेर एक चक्कर मारून आणायचं आणि मोकळं सोडायचं. ज्या टोपल्याला ती नाक लावेल ते तिचं उत्तर. वासानं कळू नये म्हणून दोन्ही टोपल्यांना आतून तोच खाऊ चोळलेला. खोलीत एकच माणूस, तोही काळा गॉगल लावून आणि हात पाठीशी बांधून, म्हणजे डोळ्यांनी किंवा हातानं शेळीला इशारा जायला नको. बाकीच्यांनी बाहेर बसून पडद्यावर बघायचं. कॅमेरा छताला, चित्र दाखवणारा, आवाज न घेणारा.

"आणि ह्यातून काय कळतं?" मी विचारलं.

"शेळीला किती वेळ आठवतं ते."

"आठवलं तर?"

"आत्या!"

बरं बाई, राहिलं. पण तिच्या शेळ्या हुशार निघाल्या. त्यातली एक, गळ्यात पिवळा पट्टा असलेली, तर चुकायचीच नाही. खारू तिला पिवळी म्हणायची. पिवळीनं हे केलं, पिवळीनं ते केलं. तिच्या गाईड बाई खूश झाल्या, कुठल्या कुठल्या सभेत तिला बोलायला उभं केलं. आमच्या दादानं गल्लीत सगळ्यांना फोटो दाखवला. फोटोत शेळी पुढे आणि पोरगी मागे अंधारात, तरी दाखवला.

आणि मग एक दिवस फोनवर पोर गप्प. काय झालं, म्हटलं. आधी काही नाही, काही नाही. मग बांध फुटला. तिच्याच बाईंच्या हाताखाली आणखी एक विद्यार्थी होता. त्यानं तेच काम, त्याच शेळ्या, तीच टोपली घेऊन परत करून बघितलं. तसं करून बघायचंच असतं म्हणे, कुणावर संशय म्हणून नाही. आणि त्याच्यासमोर एकही शेळी धड सांगेना. पिवळीसुद्धा. कधी हे टोपलं, कधी ते. म्हणजे खारू असली की शेळ्या हुशार आणि तो असला की ठोंब्या.

"मग त्यात तुझा काय दोष? त्याचं तोंड आवडत नसेल त्यांना."

"तसं नसतं आत्या. ते विचारतायत की मी शेळ्यांना आधी चोरून शिकवलं का. मी काही शिकवलं नाही गं. व्हिडिओत बघ, मी हलत पण नाही. मलाच कळत नाहीये काय होतंय." तिचा आवाज चिरकला. "कमिटी बसणार आहे. मी लबाडी केली असं ठरलं तर जागा गेली. जागा गेली की व्हिसा गेला. आणि परत कुठे कुणी उभं करणार नाही."

लबाडी! माझ्या डोक्याची शीर तडतडली. जी पोर लहानपणी पत्त्यातसुद्धा चिडी करायची नाही, तिला लबाड म्हणतात! दादाचं ब्लडप्रेशर, वहिनीला रजा नाही. दादा म्हणाला, तूच जा, ती तुझंच ऐकते. उंटावरून शेळ्या किती हाकणार? मी दुकानाला कुलूप लावलं आणि गेले.

तिची खोली म्हणजे आमच्या शिवणाच्या खोलीच्या निम्मी. एक पलंग, एक टेबल, खिडकीबाहेर सायकली. दाराबाहेर तिचे गमबूट, शेळ्यांच्या वासाचे, ते आत आणायचे नाहीत असा मजल्यावरच्या मुलींशी करार. स्वयंपाकघर सगळ्यांत एक आणि फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. तिच्या कप्प्यात दुधाची पिशवी आणि अर्धा लिंबू. पोर वाळून काटकी झाली होती. मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय, तर, "आत्या, तुला वाटतं का मी केलं असेन?"

"वेडी आहेस का?"

"नाही, मला आता माझंच खरं वाटेनासं झालंय."

एखादं शिवण उसवलं असतं तर बसून टीप मारली असती. हे कुठून धरायचं? मी तिचा कप्पा भरला, तिच्या ढगळ अंगरख्यांना दोन्ही बाजूंनी आत घेतलं आणि दिवसभर ती कुठे जाते, काय करते, ते बघत तिच्या मागे हिंडले. रस्त्यात सगळे हसून काहीतरी म्हणायचे, मी पण हसून मान हलवायचे. कशाला हो म्हणाले, देव जाणे.

गाईड बाई पांढऱ्या केसांच्या, बारीक चणीच्या, सारखा चष्मा पुसणाऱ्या. मी कोण ते कळल्यावर त्यांनी मला गोठा बघायला बोलावलं. हा गोठा नव्हे, दवाखाना होता. जमीन धुतलेली, भिंती पांढऱ्या. खारूला आता शेळ्यांपुढे उभं राहायची बंदी होती, चौकशी संपेपर्यंत. त्यामुळे आत तो दुसरा विद्यार्थी. इतका उंच की मी मनात त्याचं नाव शिडी ठेवलं. स्वभावानं गरीब होता बिचारा. खारूपुढे तोच ओशाळल्यासारखा करायचा.

बाहेरच्या खोलीत खारू आणि बाई पडद्यापुढे बसून जुने व्हिडिओ पुढेमागे करत होत्या. हजारदा बघितलेले. मला त्यातलं ओ की ठो कळेना, आणि गुडघे दुखायला लागले. मी आतल्या दारातून डोकावले. शिडी म्हणाला असेल, सराव चाललाय, या. त्यानं एक बादली पालथी घालून मला कोपऱ्यात बसायला दिली. मी बसले. पिवळी माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत आडव्या बाहुल्या, कुठे बघते ते समजतच नाही मेलं. मी म्हटलं, काय गं भवाने, माझ्या पोरीला अडचणीत आणलंस?

शिडीनं डावीकडच्या टोपल्याखाली खाऊ ठेवला. मी बघितला, पिवळीनं बघितला. तो तिला बाहेर नेऊन घेऊन आला, गॉगल लावून पुतळ्यासारखा उभा राहिला आणि दोरी सोडली. पिवळी निघाली ती थेट उजवीकडे. अरे, आत्ता तर दाखवलं तुला! नाक लावणार, इतक्यात थबकली, वळली आणि डावीकडे गेली. बरोबर. मला बरं वाटलं. परत तेच. परत ती चुकीच्या वाटेनं निघाली आणि परत मध्येच वळली. मग दुसरी शेळी आली, तीही तशीच. शिडीनं गॉगल काढला. कधी शेळीकडे बघतो, कधी टोपल्याकडे. बाहेर पडद्यावर आतलंही दिसत असणार, कारण एवढ्यात बाई आणि खारू धावत आत.

"आत्या, तू काय केलंस?"

"मी? मी कुठे काय केलं? बसलेय मुकाट!"

"बरोबर येतायत सगळ्या! तू हात हलवलास? मान?"

"अगं, माझी मान धरलीय विमानापासून, हलवू कशी?"

बाई चष्मा पुसत होत्या. आणि मग शिडी, इतका वेळ गप्प असलेला, हळूच काहीतरी म्हणाला आणि त्यानं तोंडानं एक आवाज काढून दाखवला. त्याला तो नीट जमला नाही. पाल चुकचुकल्यासारखा झाला.

पण खारूला कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला कळेना हिला चक्कर येतेय की काय. ती पिवळीकडे वळली. पिवळी अजून आतच, उजव्या टोपल्याजवळ उभी होती. खारूनं जीभ टाळूला लावली.

च्च.

पिवळीनं मान वर केली आणि शहाण्यासारखी डावीकडे चालू लागली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! खाऊ स्वतःच ठेवायचा, कुठे ठेवला ते माहीत असायचं, आणि शेळी चुकीकडे निघाली की हिच्या तोंडून च्च जायचं. आज बादलीवरून माझ्या गेलं. हिला पत्ता नाही, मलाही नाही. कॅमेऱ्याला कान नाहीत. शेळ्यांना मात्र कान. च्च झालं की वळायचं, वळलं की खाऊ मिळतो, एवढं त्या कधीच शिकून बसल्या होत्या. डोळे झाकले, हात बांधले, आणि जीभ राहिली.

खारू जमिनीवर बसली. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी वाकून बघितलं तरी कळलं नाही.

"पिवळीला काही आठवत नव्हतं गं आत्या," ती म्हणाली. "ती नुसतं माझं ऐकत होती."

बाई मात्र उजळल्या होत्या. काहीतरी भराभरा बोलत होत्या. "काय म्हणतात?" मी विचारलं.

"फारच रंजक आहे म्हणतात."

"रंजक! शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! पोरीचं सगळं काम पाण्यात गेलं आणि ह्यांना रंजन होतंय! सांग त्यांना."

"हे मी नाही सांगणार," खारू नाक पुसत म्हणाली.

पुढे कमिटी बसली आणि उठली. लबाडी नाही, अनवधान, असं ठरलं. जागा राहिली, व्हिसा राहिला. काम मात्र सगळं रद्द. पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि आवाज न करता काम करून दाखवलं तरच पुढे. मी आनंद मानू की डोकं धरून बसू? तिला विचारलं, मी आले ते बरं झालं का वाईट? ती खिडकीशी जाऊन बाहेरच्या सायकली बघायला लागली. मग म्हणाली, "तू आली नसतीस तर मला चोर म्हणून घरी पाठवलं असतं."

"आणि आले म्हणून?"

"आलीस म्हणून मला कळलं की मी इतके दिवस काहीच केलं नाही."

हे उत्तर झालं का? पण मी पुढे विचारलं नाही. उपाय मात्र मीच दिला. मी म्हटलं, माझ्या तोंडात टाचण्या असतात तेव्हा नाही होत च्च. टाचण्या काही तिला परवडायच्या नाहीत, म्हणून तिनं पाण्याचा घोट धरायला सुरुवात केली. गाल फुगवून, गॉगल लावून, हात बांधून शेळीसमोर उभी. लहानपणची खारू जशीच्या तशी. मी आणि शिडी पडद्यावर बघून इतके हसलो की बाईंनी आम्हाला बाहेर काढलं. पण मला निघताना विमानतळावर उगाचच रडू आलं.

घरी आल्यावर कामात बुडाले. खारूचं चांगलं चाललंय असं दादा सांगायचा. शेळ्यांना खरोखर थोडं आठवतं म्हणे, पिवळीला सगळ्यांत कमी. पाण्याच्या घोटाची गरजसुद्धा उरली नाही, सवयच मोडली. मी म्हटलं, छान. दिवसभर स्वतःवर पहारा ठेवून पोरीनं जीभ बांधली, साधी गोष्ट नाही.

आणि परवा मी डॉक्टरकडे गेले. उजव्या हाताला बरेच दिवस कंप सुटलाय. कात्री सरळ चालत नाही. एका गिऱ्हाइकाचं भारी कापड वाकडं कापलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. डॉक्टर म्हणाले, शिवण बंद करा, हा वाढत जाणार. इतक्या सहज म्हणाले, जसं काही चहा बंद करा. दादाला सांगितलं नाही, वहिनीला तर नाहीच. दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं, खारूला फोन लावला आणि तिचा चेहरा दिसला तसं सगळं सांगून टाकलं. हात, कात्री, कापड, डॉक्टर.

सांगून झालं आणि मी थांबले. कशाची वाट बघतेय ते मलाच माहीत नव्हतं.

पलीकडे काही नाही. ती हलली नाही. चेहरा कोरा.

"ऐकतेयस ना?" मी म्हटलं.

"ऐकतेय आत्या."

परत काही नाही. मला राग आला. इतका राग आला की हात आणखी थरथरायला लागला. परक्या बायकासुद्धा हळहळल्या असत्या, आणि ही माझ्या टेबलाखाली वाढलेली पोर दगडासारखी बघतेय! मी फोन डोळ्यांजवळ धरला आणि तिचं तोंड न्याहाळलं, डोळे, गाल, मान. काय आहे हिच्या मनात? काही समजेना. मग दिसलं, तिचा गळा वरखाली होत होता. ओठ घट्ट मिटलेले.

"अगं, तिथं शेळी आहे का समोर?" मी म्हटलं. "कर की मेले. घरच्यासमोर कसली बंदी?"

तिनं तोंड उघडलं. जीभ हलली असेल. आवाज काही झाला नाही. तिनं परत प्रयत्न केला, आणि मग रडवेली होऊन म्हणाली, "येत नाही गं आत्या. आता येतच नाही."

मशीनवर अर्धी बाही तशीच पडली होती. मला तिची दया आली, माझी आली, कुणाची जास्त ते कळलं नाही. आणि जे व्हायचं ते माझ्याच तोंडून झालं.

च्च.

तिकडे पोरीनं झटकन मान वर केली.

"परत कर ना," ती म्हणाली.